टिटवीच्या कमरेचं माप

माझ्या पुतणीचं अंग उतरत चाललं आहे, हे घरात सगळ्यांत आधी मला कळलं होतं. डॉक्टरांना कळण्याच्या जवळजवळ दोन आठवडे आधी. माझ्याकडे ते आकड्यांत लिहिलेलं होतं. आणि मी काय केलं, तर तिच्या पोशाखाला दोन्ही बाजूंनी शिवण घातली.

हे लिहायला बसताना ठरवलं होतं की हीच गोष्ट पहिल्यांदा लिहायची. मध्ये कुठे यायची ठेवली असती तर मी ती गाळली असती.

लोणारला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत आमचं घर आहे. खाली आम्ही दोघं नवरा-बायको आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. वरच्या मजल्यावर धाकटे दीर, जाऊ आणि त्यांची एकुलती एक मुलगी. माझा मुलगा नोकरीला बाहेरगावी गेल्यापासून ही मुलगी दिवसभर खालीच असते आणि मला मोठी आई म्हणते. जाऊ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. मेहकरला गाडी बदलून हिवरा आश्रमाच्या पुढच्या एका गावात तिला जावं लागतं. उन्हाळ्यात शाळा सकाळची, म्हणजे ती पहाटेच घराबाहेर. मुलीची अंघोळ, वेणी, डबा हे माझ्याकडे. मी एका शाळेच्या कार्यालयात कारकून आहे आणि मुलीची प्राथमिक शाळा त्याच आवारात. आम्ही दोघी बरोबर जातो, बरोबर येतो. तिला कोण किती वेळ पाहत होतं, ते यावरून लक्षात यावं.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी तिचा सातवा वाढदिवस होता. गल्लीतल्या मुलांचे वाढदिवस आता फुग्यांच्या कमानी लावणाऱ्या माणसाला सांगून होतात. एका तासात तो कमान उभी करतो, दुसऱ्या दिवशी काढून नेतो. आमच्या मुलीला तसं नको होतं. तिच्या वाढदिवसाला सगळ्यांनी पाखरं होऊन यायचं होतं. एकूण नऊ मुलं. मला शिवण येतं, पायाचं मशीन घरात आहे, हाताशी महिना होता. मी हो म्हटलं आणि वहीत नवीन पान काढलं.

"तू काय होशील? मोर?"

"मले टिटवी कर."

"टिटवी काऊन वं?"

"तिनं कुत्र्याले हाकललं होतं. एवढीशी होती तरी."

आदल्या उन्हाळ्यात आम्ही सरोवराच्या काठावरून संध्याकाळचं फिरायला गेलो होतो, तेव्हाची ती गोष्ट. खडीत टिटवीची अंडी होती आणि एक कुत्रं हुंगत तिकडे निघालं होतं. टिटवीनं त्याच्या डोक्यावर इतक्या झेपा घेतल्या की ते शेपूट घालून पळालं. मुलगी हसून हसून खाली बसली होती. मला ते आठवतही नव्हतं.

आत्याबाई पलंगावरून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "टिटवी? माय वं! अपशकुनी पाखरू ते. घरावरून वरडत गेलं तं मानूस दचकते. आन् त्यात काळं. वाढदिवसाले काळं घालता का लेकराले?"

"काळं नाही घेत आत्याबाई. गडद निळं घेते."

"निळी टिटवी कोनं पायली?"

"मंग काळंच घेऊ?"

निळं ठरलं.

सजावटीला मी ओटीचे ब्लाउजपीस काढले. आमच्याकडे कपाटाचा एक अख्खा कप्पा त्यांनीच भरलेला असतो. कोणी शिवत नाही, नुसते एका घरून दुसऱ्या घरी जातात. एक पिवळा तुकडा मी दोन वर्षांपूर्वी नणंदेच्या ओटीत घातला होता, तो हळदीकुंकवाला फिरून माझ्याकडेच आला होता. तो मी ओळखला कोपऱ्यावरच्या शाईच्या ठिपक्यावरून. असे चाळीस तुकडे निघाले. त्यांच्या तिकोनी पताका कापायला बसले तर आत्याबाई पुन्हा आडव्या आल्या. ओटीच्या कापडाला कात्री लावायची नाही म्हणे. शेवटी त्यांनीच तोडगा काढला, आधी प्रत्येक तुकड्याला हळदीचं बोट लावायचं आणि मग कापायचा. म्हणून आमच्या सगळ्या पताकांना एका टोकाला पिवळा डाग होता.

मार्च संपता संपता एका शनिवारी शाळा सुटल्यावर ओसरीत नऊ मुलांना ओळीनं उभं करून मी मापं घेतली. पोपट, बगळा, कोंबडी, दोन मोर, चिमणी, कावळा, भारद्वाज आणि टिटवी. कोंबडी होणाऱ्या मुलीला पोटात अंडं हवं होतं. "आन् मी ते तिथंच घालीन," असं तिनं सांगितलं, तर बाकीच्यांनी तिचं हसं केलं आणि मग प्रत्येकालाच अंडं हवं झालं. मापं मी नेहमी एकाच पद्धतीनं लिहिते. नाव नाही, पाखराचं नाव, त्यापुढे उंची, छाती, कंबर, आणि समासात तारीख. टिटवीची कंबर साडेएकवीस इंच.

पंखांचं काम सगळ्यांत वेळखाऊ. जुन्या साड्यांच्या पट्ट्या कापायच्या, एकीवर एक अशा ओळी अस्तरावर बसवायच्या, खालच्या ओळीपासून सुरुवात करायची. टिटवीचे पंख मी माझ्या एका तपकिरी सुती साडीचे केले. पोटाला पांढरं, गळ्याला ते गडद निळं, डोळ्याजवळ लाल लोकरीचा गोळा, पायाला पिवळे मोजे. दोन आठवड्यांत तिचा पोशाख उभा राहिला. मी तिला तो घालून बघितला.

कमरेला सैल होता. थोडाथोडका नाही, मूठ जाईल इतका.

मी टेप लावली. वीस.

माझी पहिली समजूत अशी झाली की टेप जुनी आहे, ताणली गेली असेल. कपाटातली नवी टेप काढून लावली. वीसच. मग आठवलं की पहिल्यांदा तिनं शाळेचा गणवेश घातला होता. गणवेश वाढत्या अंगाचा घेतलेला, कमरेला त्याच्या चुण्या. त्या चुण्यांवरून मी माप घेतलं असणार. माझी चूक. वहीतल्या साडेएकवीसवर मी रेघ मारली, वर वीस लिहिलं आणि दोन्ही कुशीला शिवण घातली.

पण चुण्या दीड इंच जाड नसतात. हे मला त्या दिवशीही माहीत होतं. पंधरा मिनिटांत मला बगळ्याच्या टोपीला चोच लावायची होती.

त्याच दिवसांत तिची तहान वाढली. शाळेतून आली की माठाजवळ उभी राहून तीन तीन पेले पाणी प्यायची. शाळेच्या बाटलीऐवजी मी तिला मोठी बाटली दिली आणि माझ्या यादीत "माठ दुपारी पुन्हा भरणे" असं लिहिलं. एप्रिलमधलं ऊन. सगळेच पाणी पीत होते. आत्याबाईंना कौतुक वाटत होतं. "पानी पिऊन राह्यली तं चांगलंच हाय. ऊन नाही बाधत." लघवीला सारखी जायची, तर एवढं पाणी प्यायल्यावर जाणारच. एके दिवशी जाऊ शाळेतून आल्यावर दबक्या आवाजात म्हणाली, "ताई, ही पुन्हा गादी ओली करून राह्यली हो. एवढी घोडी झाली. आज मी रागावली तिले." मी म्हटलं, झोपायच्या आधी पाणी कमी द्या.

न्हाणीघरात मुंग्या झाल्या. मोरीच्या कडेनं, मुलगी लघवीला बसायची त्या जागी, लाल मुंग्यांची रांग. आत्याबाईंनी हळद टाकली, पण मुंग्या हटल्या नाहीत. मी यादीत लिहिलं, "मुंग्यांची पावडर". दुसऱ्या दिवशी आणली आणि यादीतल्या त्या ओळीवर काट मारली.

आठवड्यानं दुसऱ्यांदा पोशाख घालून बघितला. पुन्हा सैल. एकोणीस.

या वेळी मी टेपला दोष दिला नाही आणि स्वतःलाही नाही. मला वाटलं, जेवत नसेल. पण ती जेवत होती. मागून मागून जेवत होती. मी तिच्याकडे नीट बघितलं. हात काडीसारखे, डोळ्यांखाली खड्डे. तिला विचारलं, "काही दुखतं का गं?" तर म्हणाली, "पाय दुखते. थकली मी." परीक्षेचे दिवस, दुपारचं खेळणं, ऊन. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे कारण तयार होतं. अंग भरावं म्हणून मी तिला रोज दुपारी उसाचा रस आणून द्यायला लागले. बाजारात पहिले आंबे आले होते, त्यांचा रस साखर घालून दिला. ती आवडीनं प्यायची. माझ्या हातांनी मी तिला तो वाटी वाटी पाजला.

पोशाख पुन्हा उसवायचा आणि पुन्हा शिवायचा कंटाळा आला होता. आठ पोशाख अजून अर्धे होते. मी कमरेत नेफा केला आणि इलॅस्टिक ओवलं. म्हणजे कंबर कितीही असली तरी पोशाख बसणार. पुन्हा मापाची गरज नाही. त्या वेळी मला ती युक्ती फार सोयीची वाटली, आणि मी तिच्यासमोर ते ओढून सोडून दाखवलं, तर ती हसली.

जावेला मी काहीच बोलले नाही. ती उन्हातून थकून यायची, निवडणुकीची कामं तिच्यामागे होती, पेपर तपासायचे होते. मी मनाशी म्हटलं, वाढदिवस झाला की सांगू, सुट्टीत डॉक्टरला दाखवून आणू. तसं वहीत लिहिलंही होतं. रविवारच्या पुढच्या पानावर.

शुक्रवारी सकाळी मुलीला उलटी झाली. मी तिला शाळेत नेलं नाही, स्वतःही रजा टाकली. पोट दुखतं म्हणाली. लिंबूपाणी दिलं, तेही उलटून पडलं. ऊन लागलं असं सगळ्यांचं मत पडलं. आत्याबाईंनी मीठ-मोहऱ्या-मिरच्या घेऊन तिची दृष्ट काढली आणि मला म्हणाल्या, "तू तिले घडीघडी मोजत होती. लेकराले असं मोजू नये. तरी मी म्हणत होती, टिटवी नोको."

मी चिडले. "आत्याबाई, टेपनं कोणी आजारी पडत नाही."

दुपारी जाऊ आली तेव्हा मुलगी पलंगावर होती आणि तिचा श्वास मोठा झाला होता. पळून आल्यावर चालतो तसा, पण ती तर पडून होती. तोंडाला सडक्या फळासारखा गोड वास येत होता. जावेनं पिशवीही खाली ठेवली नाही. मुलीला खांद्यावर घेतलं आणि चालायला लागली. मी माझी पिशवी उचलून मागे गेले. दीर दुकानातून थेट दवाखान्यात आले.

डॉक्टरांनी मुलीला बघितलं, पोट दाबलं, पापणी ओढून पाहिली. मग जावेला विचारलं, "किती दिवसांपासून बारीक झाली?"

"बारीक... अशी तर ती आधीपासूनच..." जाऊ अडखळली.

"वजन कधी केलं होतं?"

तिला सांगता येईना. दिरांना तर काहीच माहीत नव्हतं. दोघांचे चेहरे पडले. मी पिशवीत हात घातला. वही तिथंच होती, वाढदिवसाची सगळी कामं त्यात असल्यामुळे मी ती सोडतच नव्हते. मी वाचून दाखवलं, "मार्चअखेर कंबर साडेएकवीस. दोन आठवड्यांनी वीस. त्यानंतर एका आठवड्यानं एकोणीस. तहान याच काळात वाढली. लघवीही. आणि मुंग्या लागत होत्या, मोरीत."

डॉक्टरांनी मान वर केली. मुंग्या म्हटल्याबरोबर त्यांनी खणातून लहानसं यंत्र काढलं, मुलीच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला. यंत्रानं आकडा दाखवलाच नाही. त्याला मोजता येते त्याच्या वर साखर गेली होती.

"हिला साखरेचा आजार आहे," ते म्हणाले. "लहान मुलांना होतो तो. आत्ताच्या आत्ता जालन्याला न्या. मी फोन करतो. घरी जाऊ नका, कपडे घ्यायलाही नको."

ते फोन लावत होते तेवढ्यात जावेनं माझ्या हातातून वही घेतली. तिनं ते पान बघितलं.

"ताई, हे कोणी खोडलं?"

"मी."

"काऊन?"

"मला वाटलं माप चुकलं."

"तुमचं माप कधी चुकलं?"

ती ओरडली नाही. वही माझ्या हातात परत दिली आणि मुलीची चप्पल शोधायला लागली.

दिरांच्या मित्राच्या गाडीतून आम्ही मंठ्यावरून जालन्याला गेलो. मागे जाऊ मुलीला मांडीवर घेऊन, तिच्याजवळ दीर. मी पुढे. मुलगी पाणी मागत होती आणि मग तेही मागेनाशी झाली. जाऊ तिला सारखी हाक मारत होती. आरशात मला फक्त मुलीचे पाय दिसत होते. त्या सबंध रस्त्यात मी एकदाही मागे वळून बघितलं नाही. काय बघायला मिळेल याची भीती होती, आणि जावेच्या नजरेचीही.

चार दिवस ती अतिदक्षता विभागात होती. पहिले दोन दिवस डॉक्टर कसलाच भरवसा देत नव्हते. सलाइन, दर तासाला रक्त, दर तासाला आकडा. आम्हाला एका वेळी एकालाच आत सोडायचे आणि ती पाळी जावेनं एकदाही मला दिली नाही. मी मागितलीही नाही. मी बाहेर बसून डबे, पाणी, कागदपत्रं, कोणाला काय कळवायचं, हे सगळं बघत होते. एवढ्या शिस्तीनं कामं मी आयुष्यात केली नसतील.

मोठ्या डॉक्टरीणबाईंनी आम्हा सगळ्यांना बसवून समजावलं. शरीरात इन्सुलिन तयार होणं बंद झालं आहे. गोड खाल्ल्यानं हा आजार होत नाही. नजरेनं होत नाही. कोणाच्या चुकीनं होत नाही. आता रोज इंजेक्शनं, आयुष्यभर. मुलगी शाळेत जाईल, खेळेल, सगळं करेल. जाऊ ऐकता ऐकता रडत होती. सगळे उठल्यावर मी एकटी मागे राहिले आणि विचारलं, "दोन आठवडे आधी आणली असती तर?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आजार तर होताच. पण ही वेळ आली नसती. आयसीयू टळलं असतं." मग त्या म्हणाल्या, "बहुतेक घरात असंच होतं, ताई. उन्हाळ्यात तर जास्तच."

बहुतेक घरांमध्ये वही नसते. पण ते मी त्यांना बोलले नाही.

रविवारी संध्याकाळी गल्लीतली आठ मुलं ठरल्याप्रमाणे आमच्या फाटकाशी आली. कोणी त्यांना सांगायचं राहूनच गेलं होतं. माझा नवराही तोवर जालन्याला आला होता, घरी आत्याबाई एकट्या. त्यांनी सगळे पोशाख काढून ज्याचे त्याला दिले, टाचण्या लावून, आणि मुलं ते घालून गल्लीतून फिरली. काही पोशाखांना अजून एकाच बाजूला पंख होते. शेजारणीनं त्याचा व्हिडिओ पाठवला. एका पंखाचा पोपट, आणि कोंबडीचं अंडं खरंच रस्त्यात पडलेलं.

टिटवीचा पोशाख मात्र आत्याबाईंनी न्हाणीच्या चुलीत घातला. हे त्यांनी मला फोनवर स्वतःच सांगितलं. "जाळून टाकलं मी ते. पीडा गेली. तू आता मनाले लावून घेऊ नोको, त्या पाखराचंच होतं सगळं."

त्या मला वाचवत होत्या, त्यांच्या परीनं. गल्लीतही तेच पसरलं होतं की टिटवी केली म्हणून झालं. मी होकार दिला असता तर ती गोष्ट तिथेच थांबली असती. सगळ्यांना सोयीचं होतं, मलाही. "आत्याबाई," मी म्हटलं, "लेकरू वाळून राह्यलं हे मला दिसलं होतं. मी बोलले नाही." त्या म्हणाल्या, "हे तू मले सांगितलं ते सांगितलं. तिले नोको सांगू."

"तिला माहीत आहे," मी म्हटलं.

जाऊ त्यानंतर माझ्याशी कामापुरतं बोलायची. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. तिसऱ्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात मी तिला चहा नेऊन दिला, तेव्हा कप हातात धरून ती एवढंच म्हणाली, "मले एकदा म्हटलं असतं, ताई. तुम्हाले नसतं समजलं तरी चाललं असतं. नुसतं म्हटलं असतं." आणि मग, "मी तं तिले ओल्या गादीसाठी मारलं बी एकदा. ते तुम्हाले नाही सांगितलं." मी तिच्या पाठीवर हात ठेवायला गेले, ती उठून आत गेली.

मे महिन्याची सुट्टी होती. जावेनं सगळं स्वतः केलं. इंजेक्शन, साखर तपासणं, भाकरी किती आणि भात किती याचं मोजमाप. मुलगी दिवसभर वरच असायची. खाली आली तरी आईला सांगून यायची, आणि पाच मिनिटांत वरून हाक यायची. मी आंबे आणले नाहीत. अंघोळीला, वेणीला ती माझ्याकडे येत नव्हती. मशीनवर मी कापड झाकून ठेवलं.

जूनच्या शेवटी शाळा उघडायची वेळ आली. जाऊ बिनपगारी रजा मागायच्या विचारात होती, बदलीचा अर्जही करून आली. देऊळगाव राजाला तिचं माहेर, तिकडे मुलीला ठेवावं असंही वर दोघांचं बोलणं चाललेलं मला जिन्यातून ऐकू आलं. मी वर गेले नाही. मला बोलायचा हक्क आहे असं वाटत नव्हतं. पण रजा मिळाली नाही आणि आजोळचं नाव काढल्यावर मुलीनं जेवण सोडलं. दुपारचं इंजेक्शन शाळेत द्यावं लागणार होतं, मधल्या सुट्टीत, आणि त्या आवारात मी होते.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी जाऊ खाली आली. सोबत औषधांचा डबा, इन्सुलिनचं पेन, पट्ट्या, यंत्र. माझ्यासमोर बसली.

"ताई, दुपारचं तुम्ही द्यान का?"

"देईन."

"माही एक अट हाय." ती पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघत होती. "यंत्रावर जो आकडा येईन तो मले लगेच फोनवर सांगायचा. जसा आला तसा. मी वर्गात असली तरी उचलन. तुम्ही विचार नाही करायचा, कशानं आला, काऊन आला. ते मी करन. तुम्ही फक्त सांगायचं."

"बरं," मी म्हटलं.

तिनं मला सुई कशी धरायची ते दोनदा करून दाखवलं, आणि मग माझ्याकडून माझ्याच बोटावर करून घेतलं.

पहिल्या दिवशी मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि मुलगी कार्यालयाच्या दारात आली. तिला आता बोट पुढे करायची सवय झाली होती. तिनंच मला सांगितलं, "डावं नाही, काल ते होतं. आज हे." मी टोचलं. तिनं डोळेही मिटले नाहीत. यंत्रावर आकडा आला, दोनशे अठ्ठ्याऐंशी.

तो जास्त होता. सकाळी घरून निघताना एकशे चाळीस होता हे मला माहीत होतं. माझ्या डोक्यात लगेच सुरू झालं. हाताला काही लागलं असेल. खडूची धूळ असेल. तिनं कोणाच्या डब्यातलं खाल्लं असेल, विचारून घेऊ. पट्टी खराब असेल, दुसऱ्या पट्टीवर एकदा बघू, मग फोन करू. नवी पट्टी मी डबीतून बाहेरही काढली होती.

मुलगी माझ्याकडे बघत होती. "मोठी आई, आईले फोन कर ना. भूक लागली."

मी पट्टी ठेवली आणि फोन लावला. दुसऱ्या घंटीला जावेनं उचलला. मागे मुलांचा गलका होता.

"किती?"

"दोनशे अठ्ठ्याऐंशी."

गलका कमी होत गेला, बहुतेक ती वर्गाबाहेर आली असावी.

"हात धुतले होते?"

"हो. माझ्यासमोर. साबणानं."

"दुसऱ्यांदा पायलं का?"

"नाही. आधी तुला लावला."

तिनं किती युनिट घ्यायचे ते सांगितलं, मी ते म्हणून दाखवलं, तिनं पुन्हा सांगितलं. "दोन घंट्यानं परत पाहा," ती म्हणाली, "आन् मले सांगा. जो असंन तो."

"सांगते," मी म्हटलं. मुलगी डब्याचं झाकण उघडून वाट बघत बसली होती.